तुम्ही विचारलंत म्हणून : सेंटरचे मोल गुणतक्त्यात का दिसत नाही

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने आपल्याकडे पहाटे सुरू होतात आणि सकाळच्या चहापर्यंत संपतात. त्यानंतर गुणतक्ता पाहून माझे बास्केटबॉलवेडे मित्र मला एक प्रश्न हमखास विचारतात. मायामी हीटचा बॅम अडेबायो 2019-20 च्या मोसमात सरासरी 15.9 गुण, 10.2 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू ताब्यात घेणे) आणि 5.1 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास) एवढेच करत होता. त्याहून अधिक गुण करणारे कितीतरी खेळाडू असताना तुम्ही त्याचे नाव इतके वर का घेता? आणि आता सगळेच लांबून थ्री, म्हणजे तीन गुणांचे फटके, मारत असताना सेंटर या, रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागेचे एवढे कौतुक कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. माझे थोडक्यातले उत्तर असे, की सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत अशा सेंटरला बाकावर बसवण्याची वेळ प्रशिक्षकावर येत नाही, आणि ही गोष्ट गुणतक्त्याच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही.

हे पटण्यासाठी आजच्या खेळातला सर्वांत नेहमीचा डाव, म्हणजे पिक अँड रोल, नीट पाहावा लागतो. चेंडू हातात असलेल्या गार्डला (बाहेरून खेळ चालवणारा चपळ खेळाडू) अडवणाऱ्या बचावपटूच्या वाटेत आक्रमक संघाचा उंच खेळाडू येऊन भिंतीसारखा उभा राहतो. हा झाला स्क्रीन. बचावपटू त्या भिंतीला अडखळतो आणि त्या क्षणी बचाव करणाऱ्या सेंटरला निर्णय घ्यावा लागतो. तो मागे रिंगजवळ थांबला, ज्याला ड्रॉप म्हणतात, तर लेअप (रिंगजवळून अलगद टाकलेला चेंडू) आणि डंक (उडी मारून रिंगमध्ये कोंबलेला चेंडू) रोखले जातात, पण गार्डला थ्रीच्या रेषेबाहेर मोकळा श्वास मिळतो. तो पुढे जाऊन गार्डलाच अडवू लागला, म्हणजे स्विच केले, तर ती मोकळीक मिळत नाही, पण मग सात फुटी देहाला लीगमधल्या सर्वांत चपळ माणसासमोर एकट्याने पाय हलवावे लागतात. थ्रीची रेषा रिंगपासून 7.24 मीटरवर, कोपऱ्यात सुमारे 6.7 मीटरवर आहे. शंभरातले 36 थ्री पडले तरी 108 गुण होतात; तेवढेच गुण जवळून करायचे तर शंभरातले 54 फटके पडावे लागतात. हा हिशेब संघांनी मनावर घेतल्यापासून गार्डला रेषेबाहेर मोकळे सोडणे परवडेनासे झाले.

नियमांनीही जुन्या पद्धतीच्या सेंटरची दोन्हीकडून कोंडी केली. 2001-02 च्या मोसमापासून झोन बचावाला (ठरावीक खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखणे) परवानगी मिळाली, त्यामुळे रिंगकडे पाठ करून चेंडू मागणाऱ्या धिप्पाड सेंटरभोवती, चेंडू त्याच्या हातात पडण्याआधीच, दुसरा बचावपटू येऊन उभा राहू लागला. त्याच वेळी बचावपटूने कुणालाही न अडवता रिंगसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबू नये, असाही नियम आला. पुढे 2004-05 पासून बाहेरच्या गार्डला हाताने रेटून धरण्यावर कडक बंदी आली आणि गार्ड अधिकच मोकाट सुटले. पन्नास-साठच्या दशकांत सेंटरच्या वर्चस्वाला आवर घालण्यासाठी रिंगसमोरचा पट्टाच दोनदा रुंद करावा लागला होता, हे आठवले की काळाची उलटी चाल लक्षात येते. 2013 च्या ऑल-स्टार सामन्यासाठीच्या मतपत्रिकेतून तर सेंटर ही स्वतंत्र जागाच काढून टाकण्यात आली. जागा संपली, असे तेव्हा अनेकांनी मानले. माझे मत वेगळे आहे : जागा संपली नाही, त्या जागेवर उभे राहण्याची पात्रता वाढली.

या पात्रतेअभावी काय होते, याचे मला सर्वांत बोचणारे उदाहरण 2021 चे आहे. यूटा जॅझचा संघ त्या मोसमात 52 विजय मिळवून लीगमध्ये पहिला होता आणि त्यांचा सेंटर रूडी गोबेर त्याच वर्षी तिसऱ्यांदा सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. बाद फेऱ्यांतल्या दुसऱ्या फेरीच्या मालिकेत (आधी चार सामने जिंकेल तो पुढे जातो) सहाव्या सामन्यात यूटाकडे 25 गुणांची आघाडी होती. समोरच्या लॉस एंजेलिस क्लिपर्सचा कवाय लेनर्ड दुखापतीमुळे बाहेर होता. क्लिपर्सनी पाचही माणसे अशी ठेवली की प्रत्येक जण थ्री मारू शकेल, आणि त्यांना रेषेबाहेर पसरवून दिले. गोबेर रिंग राखायला आत गेला की कोपऱ्यात टेरन्स मॅन मोकळा होई, आणि गोबेर कोपऱ्यात धावला की रिंग उघडी पडे. मॅनने 39 गुण केले, क्लिपर्स 131-119 असे जिंकले आणि यूटाचा मोसम तिथेच संपला. त्या रात्रीचा सगळा दोष गोबेरवर टाकणे अन्यायाचे आहे असे मी आजही मानतो, कारण त्याच्या पुढे उभे असलेले गार्ड एकामागून एक चकत होते आणि त्यांच्या चुका निस्तरायला तो एकटाच होता. तरीही इतका मोठा बचावपटू एका जागी खिळवता येतो, हे त्या सामन्याने सर्वांना दाखवले.

यावरचा एक उपाय म्हणजे उंच माणूसच बाजूला ठेवणे. 2015 च्या अंतिम मालिकेत 1-2 असे मागे पडल्यावर गोल्डन स्टेट वॉरियर्सनी अँड्र्यू बोगट या सेंटरऐवजी आंद्रे इग्वडालाला पहिल्या पाचांत घेतले, साडेसहा फुटांच्या ड्रेमंड ग्रीनला मधे उभे केले आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. त्यानंतर छोट्या संघांची लाटच आली. पण ग्रीनसारखी बुद्धी आणि ताकद असलेला माणूस दुर्मीळ आहे, आणि तो नसेल तर छोटा संघ रिबाउंडमध्ये मार खातो व रिंगजवळ उघडा पडतो. म्हणजे प्रशिक्षकापुढे नेहमी हाच पेच : उंची ठेवावी तर चपळाई जाते, चपळाई ठेवावी तर उंची जाते.

अडेबायोचे मोल इथे कळते. त्याच्यामुळे हा पेचच उरत नाही. 2017 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो वार्षिक कार्यक्रम) चौदाव्या क्रमांकावर निवडलेला हा सुमारे 2.06 मीटर उंचीचा खेळाडू सेंटर म्हणून फार उंच नाही, पण तो गार्डसमोर कंबर खाली घेऊन आडवे पाय टाकू लागला की समोरच्याला आपण मोठ्या माणसावर खेळतो आहोत याचा कसलाच फायदा मिळत नाही. 15 सप्टेंबर 2020 रोजी, करोनाकाळात ऑरलँडोत उभारलेल्या बंदिस्त बबलमध्ये, बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध ईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या गटाच्या, अंतिम फेरीचा पहिला सामना जादा वेळेत गेला होता. मायामी दोन गुणांनी पुढे, काही सेकंद शिल्लक, आणि जेसन टेटम डंकसाठी पूर्ण ताकदीने झेपावला. अडेबायो मदतीला धावून आला आणि त्याने डावा हात रिंगच्या वर नेऊन तो डंक हवेतच थोपवला. मायामीने सामना 117-114 असा जिंकला. सगळे त्या हाताबद्दल बोलले. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहतो तो त्याच्या पायांसाठी, कारण धावत येऊन, फाउल न करता, नेमक्या जागी उसळी घेण्याचे काम आधी पायांनी केले आणि हाताने ते फक्त पुरे केले.

आक्रमणातही त्याचे काम दुसऱ्यांच्या नावावर जमा होते. त्याच मोसमात डंकन रॉबिन्सन या, ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेल्या, खेळाडूने 270 थ्री रिंगमध्ये टाकले. त्यांतले कितीतरी असे होते की अडेबायो चेंडू घेऊन रेषेजवळ थांबायचा, रॉबिन्सन त्याच्या अंगाला घासून पळत यायचा, हातातून हातात चेंडू घ्यायचा, आणि पाठलाग करणारा बचावपटू अडेबायोच्या खांद्यावर आदळून मागे राहायचा. बचाव जास्तच पुढे आला तर अडेबायो चेंडू न देता स्वतः वळून रिंगकडे निघायचा. सेंटरला चेंडू हाताळता येतो, धावत पास देता येतो, म्हणून हे शक्य होते. ज्याला फक्त उडी मारता येते त्याच्या हातून हा डाव घडणार नाही.

इथे कुणीतरी निकोला योकिचचे नाव काढतोच, आणि ते योग्यच आहे. योकिच उंच उडी मारत नाही, वेगाने धावत नाही, तरी 2021, 2022 आणि 2024 मध्ये लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि 2023 मध्ये त्याने डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले. अंतिम मालिकेत हरला तो अडेबायोचाच संघ. पण योकिचसारखी नजर आणि हात शिकवून येत नाहीत, आणि त्याच्या बचावातल्या मर्यादा झाकायला ॲरन गॉर्डनसारखे चपळ, दणकट सोबती लागतात. योकिचभोवती संघ रचावा लागतो. अडेबायो कुठल्याही चौघांबरोबर उभा राहू शकतो.

असा सेंटर ही आजची नवलाई आहे असेही मी मानत नाही. बिल रसेल कॉलेजात असताना उत्तम उंच-उडीपटू होता आणि बोस्टनकडून 13 मोसमांत त्याने 11 विजेतेपदे मिळवली. नायजेरियात हँडबॉल आणि फुटबॉल खेळून मग बास्केटबॉलकडे वळलेल्या हकीम ओलाजुवनने 1994 च्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात, त्याचा ह्यूस्टन संघ 86-84 असा निसटता पुढे असताना, न्यूयॉर्कच्या जॉन स्टार्क्सचा शेवटचा थ्री बोटांच्या टोकाने अडवला. तो ब्लॉक रेषेपाशी झाला होता, रिंगखाली नव्हे. तो हात पोहोचला नसता तर ह्यूस्टनने त्या रात्रीच विजेतेपद गमावले असते. सातवा सामना ह्यूस्टनने जिंकला.

उंच मुलांचे आईवडीलही मला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात : मुलाला रिंगखाली उभे करायचे का? मी स्वतः चौदाव्या वर्षी वर्गात सर्वांत उंच होतो. चेंडू हातात आला की लगेच जवळच्या गार्डला दे, ड्रिबल करू नकोस (चेंडू आपटत पुढे नेऊ नकोस), असे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले, आणि पुढची सहा वर्षे मी ते निमूटपणे पाळले. अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता. मग तो सुमारे वीस सेंटिमीटरने वाढला आणि गार्डचे हात घेऊनच सेंटरच्या जागी आला. 2020 मध्ये मायामीला हरवून लेकर्सनी विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या संघात तो होता. म्हणून मी त्या आईवडिलांना सांगतो, की मुलाची उंची किती वाढेल ते वाढो, पण आज संध्याकाळी सरावाला गेल्यावर त्याला दोन्ही हातांनी ड्रिबल करत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ द्या.