सिनेमा आमचाच, पण कागदावर?

पहिलाच मराठी सिनेमा करून ओटीटीला विकू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितेय. शूटिंग झालं, सेन्सॉर झालं, थिएटरलाही लागला. अडलो ते ओटीटी कंपनीच्या लीगल विभागात. त्यांचे मेल आठवले की अजून डोकं तापतं.

आम्ही तिघांनी आधीच एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढली होती, म्हणजे उद्या एखादा बाहेर पडला तरी सिनेमा एलएलपीचाच राहतो. भागीदारीतले वाद या धंद्याला नवे नाहीत. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि भागीदारांशी न पटल्यामुळे खुद्द दादासाहेब फाळके काही काळ तिथून बाहेर पडले होते. कॅमेरा आणि लाइट्स देणाऱ्या मित्राचं नाव 'सहनिर्माता' म्हणून पडद्यावर आहे, पण करारात त्याला फक्त नफ्यात वाटा आहे, मालकीत नाही. पडद्यावरच्या श्रेयावरून मालकी ठरत नाही, करारावरून ठरते.

कंपनीला 'चेन ऑफ टायटल' हवी होती, म्हणजे कथेपासून तयार सिनेमापर्यंत प्रत्येक हक्क एलएलपीकडे कसा आला त्याचे कागद. आमचा सिनेमा एका छापील कथेवर आहे. कथाकारांनी हयात असताना स्वतःच्या हाताने पत्र दिलं होतं, 'माझ्या कथेवर चित्रपट करण्यास माझी हरकत नाही.' ते पत्र आम्ही पहिल्याच मेलला जोडलं होतं. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मग एकेक शंका येऊ लागली. एकीचं उत्तर दिलं की दुसरी. लॅबचं पत्र, पार्श्वसंगीताचा करार, एलएलपीचा ठराव. हे सगळं झाल्यावर, पैशांची तारीख ठरत असताना, त्यांना कथाकारांचं ते पत्र 'सापडलं'. मुदत लिहिलेली नाही, म्हणून ५ वर्षंच. प्रदेश लिहिलेला नाही, म्हणून फक्त भारत. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ तसं सांगतं हे खरं. पण हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? तेव्हा कथाकार होते, एका सहीचं काम होतं.

आता हक्क वारसांकडे. थोरले चिरंजीव मिरजेला असतात. ते म्हणाले, "बाबांनी शब्द दिलाय, तो आम्ही पाळू. पण त्यासाठी कोर्टाची पायरी कशाला?" त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि नुकसानभरपाईची हमी देऊ केली. कंपनी ऐकेना. शेवटी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखल्याचा अर्ज, पेपरात जाहीर नोटीस, आक्षेपांची वाट, तारखा. धाकटी मुलगी दुबईत, म्हणून तिचं कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून करून आणलं. असा कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे लक्षात ठेवा.

दाखला हातात आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारातच थोरल्या चिरंजीवांना फोन केला. दोघांनाही बोलवेना. नवीन करारात मुदत, 'संपूर्ण जग', आजची आणि पुढे येणारी सगळी माध्यमं, सगळं सुटं सुटं लिहिलं. वर्षभरात हक्क वापरला नाही तरी तो रद्द होणार नाही, हेही लिहून घेतलं, कारण एरवी तो रद्द धरला जातो.

लीगलला पहिल्याच मेलमध्ये ठामपणे सांगा, सगळ्या शंका एका यादीत द्या, आणि ती यादी सहीनिशी मागा. कथेचा करार शूटिंगच्या आधी करा, आणि एलएलपीच्याच नावाने, कुणा एका भागीदाराच्या नावाने नाही. आणि हो, गीतकार-संगीतकारांकडून 'रॉयल्टी सोडली' असं लिहून घेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराची त्यांची रॉयल्टी अशी सोडून देता येत नाही, आणि लीगलवाले नेमकं तेच वाक्य पकडतात.