परक्या खोलीतले पाणी

माझ्या यजमानांच्या शरीरात त्यांच्या आईचे मूत्रपिंड आहे. 2017 सालच्या मार्गशीर्षात ते बसवले गेले आणि त्या दिवसापासून सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ या दोन वेळा आमच्या घरात देवाच्या आरतीसारख्या पाळल्या जातात, कारण बारा तासांच्या अंतराने घ्यायची टॅक्रोलिमसची गोळी चुकवून चालत नाही. ही गोळी शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दडपून ठेवते, म्हणजे आलेले मूत्रपिंड शरीराने परके म्हणून झिडकारू नये. पण जी शक्ती मूत्रपिंडाला परके समजते तीच जंतूंनाही परके समजत असते, आणि गोळीला या दोहोंतला भेद कळत नाही. इतरांचा जो जुलाब ताक-भातावर दोन दिवसांत बरा होतो तोच आम्हाला रुग्णालयात नेऊ शकतो. लॉजच्या किंवा हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकताना मला जी काळजी वाटते, तिचे मूळ हे आहे.

आम्ही अकोल्याला राहतो आणि तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी मुंबईला जातो. रक्तातले औषधाचे प्रमाण मोजायचे असेल तर सकाळची गोळी घेण्याच्या आधी रक्त द्यावे लागते. रात्रीच्या गाडीने जावे आणि गाडीलाच उशीर व्हावा असे दोनदा झाल्यावर आम्ही आदल्या दिवशीच पोहोचून परळच्या आसपास मुक्काम करू लागलो. त्यात लग्नकार्ये, देवदर्शन आणि पावसाळ्यातली एखादी कोकणवारी धरली तर वर्षाकाठी वीस-पंचवीस रात्री आम्ही परक्या गादीवर काढतो. सांगलीला भाच्याच्या लग्नात मी आमच्या खोलीतली भांडी उकळत्या पाण्याने विसळून घेत होते, तेव्हा माझी नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, तुमचं सोवळं आमच्या आजीपेक्षा कडक झालं हो!" तिच्या मनात काही वावगे नव्हते, पण तो शब्द मला लागला. माझी स्वतःची आजी कडक सोवळ्यातली होती. तिला कोणाचा नुसता स्पर्श चालत नसे, मात्र ऐन आषाढीच्या गर्दीत चंद्रभागेचे पाणी ती ओंजळीने तीर्थ म्हणून पीत असे. सोवळ्याला माणसाचा विटाळ होतो आणि जंतूंचा होत नाही. मला नेमके याच्या उलट वागायचे असते, आणि चार पाहुण्यांत ते समजावून सांगणे फार अवघड जाते.

पहिली दोन वर्षे मात्र मीही चुकीच्याच गोष्टींशी झुंजत होते, हे मान्य केले पाहिजे. चादरीवर डाग दिसला की चादर बदलून घ्यायची, बेसिनवर केस दिसला की माणूस बोलवायचा, गादी उचलून तिच्या शिवणीपाशी ढेकणांचे काळे ठिपके शोधायचे, यात माझा पहिला तास जात असे. गादीची शिवण मी आजही पाहते, कारण बॅगेतून एकदा घरी आलेला ढेकूण महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही. पण ढेकूण चावतो आणि झोप घालवतो, तो रोग पसरवतो असे आढळलेले नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळले. फिनेलचा वास येत असला की मी निश्चिंत होत असे. वास म्हणजे स्वच्छता ही आपली समजूत इतकी जुनी आहे की ती डोक्यातून जाता जात नाही.

2019 च्या भाद्रपदात आम्ही दादरच्या एका लॉजमध्ये उतरलो होतो. खोली नजरेला अगदी नीटनेटकी होती आणि मी नेहमीप्रमाणे सगळे पुसून काढले होते. प्यायला सीलबंद बाटली विकत आणली होती. खोली दाखवायला आलेल्या मुलाने स्टीलच्या ट्रेमध्ये एक जग ठेवला आणि दुसऱ्या हातात चार काचेचे ग्लास आणले, चारही बोटे चार ग्लासांच्या आत घालून. ते दृश्य मी पाहिले होते. जगमधले पाणी मी बेसिनमध्ये ओतून दिले, आणि बाटलीतले पाणी त्याच ग्लासांत ओतून यजमानांच्या हातात दिले. जेवणाआधी आम्ही दोघांनी सॅनिटायझर चोळला आणि हात स्वच्छ झाले असे मानले.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला परतल्यावर त्यांना जुलाब सुरू झाले. आमच्यासारख्यांच्या बाबतीत जुलाबाचा धोका दुहेरी असतो, कारण शरीरातले पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो आणि त्याच वेळी आतड्यातून टॅक्रोलिमस नेहमीपेक्षा जास्त शोषले जाऊन रक्तातले त्याचे प्रमाण वाढते, जे पुन्हा मूत्रपिंडालाच बाधते. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन 1.3 वरून 2.1 वर गेले. चार दिवस सलाइन लावून ते हळूहळू खाली आले. त्या चार दिवसांत सासूबाई एका शब्दाने मला काही बोलल्या नाहीत. त्या फक्त रोज सकाळी फोनवर "आकडा किती आला?" एवढेच विचारत. जंतू ग्लासातूनच आला हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण डॉक्टरांनी आमची सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर सॅनिटायझरबद्दल जे सांगितले ते मी त्यांच्या समोरच कागदावर लिहून घेतले. पोट बिघडवणारे काही विषाणू, त्यांत नोरोव्हायरस प्रमुख, अल्कोहोलला फारसे दाद देत नाहीत. त्यांना हातावरून घालवायचे तर साबण लावून, हात चोळून, वाहत्या पाण्याखाली धुवावे लागतात. पुढच्याच वर्षी करोना आला आणि सॅनिटायझरची बाटली घरोघरी पोहोचली. करोनाच्या विषाणूवर ती उपयोगी होती हे खरे, पण त्यामुळे साबणाचे महत्त्व लोकांच्या मनातून उतरले, याचे मला अजून वाईट वाटते.

त्या आजारपणानंतर मी वाचू लागले. हॉटेल आणि आजार यांच्या इतिहासात दोन घटना पुन्हा पुन्हा येतात. 1976 च्या जुलै महिन्यात अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या नावाजलेल्या हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. घरी परतलेल्या प्रतिनिधींना एकामागून एक न्यूमोनिया होऊ लागला आणि अधिवेशनाला आलेल्यांपैकी 29 जण दगावले. कारण कित्येक महिने सापडेना. अखेर जानेवारी 1977 मध्ये एक तोवर अनोळखी असलेला जिवाणू हाती लागला आणि त्या संघटनेच्या नावावरून त्याला लिजिओनेला हे नाव मिळाले. हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्यात तो वाढला आणि तुषारांवाटे हवेत पसरला, असे मानले जाते. दुसरी घटना हाँगकाँगची. फेब्रुवारी 2003 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून आलेले एक डॉक्टर तेथील मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर उतरले, आणि त्यांच्याकडून त्याच हॉटेलातल्या इतर पाहुण्यांना झालेला सार्स या श्वसनाच्या गंभीर आजाराचा संसर्ग पुढे टोरोंटो, सिंगापूर आणि हनोईपर्यंत पोहोचला. या दोन्ही ठिकाणी चादरी शुभ्र असणार आणि बेसिनवर केसही नसणार.

लिजिओनेलाने मला पाण्याकडे पाहायला शिकवले. हा जिवाणू साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणजे आपल्याकडच्या गच्चीवरच्या टाकीत त्याला वर्षातले बहुतेक महिने हवे तसे तापमान मिळते. तो सहसा माणसाकडून माणसाकडे जात नाही. पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की छातीत उतरतो. धडधाकट माणसाला त्यापासून फारशी भीती नसते, पण प्रत्यारोपण झालेल्यांचा क्रमांक धोक्याच्या यादीत वरचा आहे. म्हणून यजमान परक्या ठिकाणी शॉवर वापरत नाहीत. बादली आणि तांब्या ही आपली जुनी पद्धत तुषार कमी उडवते आणि आमच्या कामाला अगदी योग्य आहे. ते खोलीत यायच्या आधी मी सगळे नळ पाच-सहा मिनिटे सोडून ठेवते. शॉवर सोडायचा असेल तर त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून तिचा एक कोपरा कापते, म्हणजे पाणी न उडता खाली जाते. गीझर आल्याआल्या चालू करून पूर्ण तापू देते. पाणी वाया जाते हे मला दिसते, आणि विदर्भातल्या बाईला ते कसे टोचते हे वेगळे सांगायला नको. म्हणून शक्य असेल तेथे ते पाणी बादलीत धरून शौचालयासाठी वापरते.

गुहागरला आम्ही श्रावणात गेलो होतो. हंगाम नसल्याने ती खोली महिनाभर तरी बंद असावी. दार उघडताच कुबट वास आला आणि कपाटामागच्या भिंतीवर हिरवट-काळी बुरशी हातभर पसरलेली दिसली. बुरशीही आम्हाला वर्ज्य आहे. नळ सोडला तर पहिले पाणी गंजाचे, लालसर आले. मी खोली बदलून मागितली, आणि दुसरी खोली आवरायला ज्या बाई आल्या त्यांच्याशी माझे बोलणे झाले. त्यांच्या कमरेला तीन फडकी खोचलेली होती. लाल फडके फक्त शौचालयासाठी, पिवळे बेसिनसाठी आणि निळे टेबल-आरशासाठी, असे त्यांना शिकवलेले होते आणि त्या ते काटेकोरपणे पाळत होत्या. "पण ताई, शनिवार-रविवारी चौदा खोल्या असतात. फडकं धुवायला मध्ये वेळ कुठाय?" असे त्यांनी मला सरळ विचारले. आठव्या खोलीपर्यंत निळे फडके निळे राहिले तरी स्वच्छ राहत नाही, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. मी त्यांना यजमानांच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितले. त्यांनी काही न बोलता खाली जाऊन धुतलेली कोरडी फडकी आणली, आणि औषध फवारून लगेच न पुसता खिडकी उघडून व्हरांड्यात माझ्याबरोबर दहा मिनिटे उभ्या राहिल्या. जंतुनाशकाला काम करायला पृष्ठभाग काही मिनिटे ओला राहावा लागतो, हे मी पुस्तकात वाचले होते. त्यांना ते कोणीतरी प्रशिक्षणात सांगितलेले होते, पण वीस मिनिटांत एक खोली उरकायची असेल तर तेवढे थांबणे परवडत नाही. तेव्हापासून अस्वच्छ खोलीचा राग माझ्या मनात खोली आवरणाऱ्या बाईवर कधीच येत नाही. चौदा खोल्या एका माणसावर टाकणाऱ्यावर तो येतो.

बाकीची तयारी आता सवयीची झाली आहे. घरच्या दोन चादरी, उशीचे अभ्रे, दोन स्टीलची भांडी, छोटी किटली, साबणाची वडी आणि चार सुती फडकी एवढे सामान नेहमी वेगळ्या पिशवीत भरलेले असते. ब्लँकेट दर पाहुण्यागणिक धुतले जात नाही, म्हणून त्याला वरून-खालून आमची चादर लागते. टीव्हीचा रिमोट, उशाजवळची बटणे आणि दाराची कडी मी आधी पुसते. 2012 मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी काही हॉटेलांच्या खोल्या तपासल्या, तेव्हा शौचालय आणि बेसिनच्या जोडीला रिमोट आणि उशाजवळच्या दिव्याचे बटण यांवर जिवाणू भरपूर आढळले होते, आणि सफाईच्या गाडीवरचे स्पंज व पोछे तर त्याहूनही वाईट निघाले होते. अभ्यास मोजक्या खोल्यांचा होता, पण माझ्या अनुभवाशी तो जुळतो. आणि खिडकी. ज्या खोलीची खिडकी उघडत नाही ती खोली मी घेत नाही, मग ती कितीही आलिशान असो.

आता एका गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचे आहे. इंग्रजी अमदानीत, 1867 साली, आपल्याकडे सराई, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागा, यांच्यासाठी सराई कायदा झाला. त्यात सराईवाल्याची कर्तव्ये लिहिली आहेत: मुक्कामाला असलेल्या कोणाला संसर्गजन्य आजार झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवायचे, खोल्या, व्हरांडे, गटारे आणि विहिरी साफ ठेवायच्या, दरांचा तक्ता लावायचा. विहिरीचा उल्लेख त्या काळच्या कायद्यातही आहे. आज लॉजच्या काउंटरवर माझ्या आधार कार्डाची प्रत घेतली जाते, माझा फोटो काढला जातो, पण ज्या पाण्याने माझा माणूस आंघोळ करणार आहे त्याची टाकी कधी धुतली हे मला कोणी सांगत नाही. गावोगावच्या पाण्याच्या टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली आपण पाहतो. तशी तारीख लॉजच्या दरपत्रकाशेजारी का असू नये?

हा प्रश्न मी गेल्या मार्गशीर्षात परळच्या आमच्या नेहमीच्या लॉजच्या मॅनेजरला विचारला. ते वयस्कर गृहस्थ आहेत आणि रुग्णांची ये-जा त्यांनी आयुष्यभर पाहिली आहे. त्यांनी रागावून उत्तर दिले नाही. "चला, मावशी, दाखवतो," म्हणून मला सहा जिने चढवून गच्चीवर नेले. दोन काळ्या टाक्या होत्या. एकीचे झाकण फुटले होते आणि त्यावर गोणपाट टाकून वीट ठेवलेली होती. गोणपाटावर पारव्यांची विष्ठा होती. त्यांनी ते पाहिले, मी पाहिले, आणि आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. मग ते म्हणाले, "मालकांना आजच सांगतो." त्या रात्री आम्ही आंघोळीचे पाणीसुद्धा किटलीत उकळून घेतले. बादली भरायला रात्रीचे साडेअकरा वाजले.

फाल्गुनात पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी रजिस्टर पुढे सरकवण्याआधीच मला वर चलण्याची खूण केली. टाकीला नवे झाकण होते, तारेने बांधलेले. खाली पांढऱ्या ऑइलपेंटने, थोड्या वाकड्या अक्षरांत, टाकी धुतल्याची तारीख लिहिली होती. मी मनात दिवस मोजले, अकरा झाले होते. यजमान खाली खुर्चीत बसून वाट पाहत होते आणि आठच्या गोळीला अजून चाळीस मिनिटे होती. मी खोलीत जाऊन खिडकी उघडली आणि नळाखाली बादली लावली.