सकाळी दोन, रात्री दोन

गाणं शिकवणाऱ्या बाईने दम्यासाठी रोज पंपाने तोंडात स्टेरॉइड मारून घ्यावं का, हा प्रश्न मला डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांनी विचारून झाला आहे. सासूबाईंनी विचारला, नणंदेने विचारला, मध्यमाच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीच्या आईने तर क्लासच्या दारात चपला घालता घालता विचारला. प्रश्न काही वावगा नाही. माझं घर गळ्यावर चालतं, आणि ज्याचं घर गळ्यावर चालतं त्याने गळ्यात काय जातंय ते बघितलंच पाहिजे. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

मी मिरजेत राहते, माहेर सांगलीचं, गावभागातलं. लहानपणी मला बाळदमा होता. आजी कोजागिरीला एका गृहस्थांकडे न्यायची, तिथे चांदण्यात ठेवलेल्या खिरीत दम्याचं औषध घालून देत. रात्रभर जागायचं आणि पहाटे खीर खायची. खीर मला फार आवडायची. शेजारचे काका मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळून आले होते आणि त्या प्रवासाचं वर्णन ते पुढे कित्येक वर्षं करत. घरात डेरिफायलिनच्या गोळ्यांची पट्टीही असायचीच. वयात येताना माझा दमा हळूहळू मागे पडला, जसा तो पुष्कळ मुलांचा पडतो. श्रेय अर्थात खिरीला मिळालं.

तो परत आला 2019 च्या पुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर चढलं होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्या बहिणी माहेरी साफसफाईला गेलो. फुगून न मिटणारी दारं, चिखलाने जड झालेल्या गाद्या, आणि भिंतींवर छातीच्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी. गाद्या टाकून दिल्या, भिंती खरवडल्या. खोकला तिथेच सुरू झाला. आधी वाटलं चिखलाच्या धुळीने झाला असेल. पण दिवाळी आली, फटाके झाले, आणि पहाटे तीनच्या सुमारास छातीत सूं सूं वाजून जाग येऊ लागली. उशीला टेकून बसलं की बरं वाटायचं. दिवसा कुणाला कळायचं नाही, मला मात्र गाताना कळायचं. विलंबित ख्यालात समेवर यायच्या आधीच दमसास संपायचा आणि मध्येच चोरून श्वास घ्यावा लागायचा. पहिल्या रांगेतल्या मुली माना वर करून बघायच्या. या वयातल्या मुलींना बाकी काही ऐकू आलं नाही तरी बाईंची चूक बरोबर ऐकू येते.

छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची तपासणी करायला लावली, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात सगळा बाहेर फेकायचा. तपासणारी मुलगी शेजारी उभी राहून ओरडत होती, “फुंका, फुंका, अजून, अजून, अजून!” मला ते जमेना. इतकी वर्षं श्वास पुरवून पुरवून सोडायचा सराव, आणि इथे हवा होता उधळून टाकलेला. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते यावरच त्या यंत्राचा सगळा जीव. तिला म्हटलं, मी गाते हो. ती म्हणाली, “मॅडम, आता गाऊ नका.” मग सल्ब्युटॅमॉलचे झुरके दिले, पंधरा मिनिटं बाकावर बसवलं आणि परत फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदाचा आकडा या दुसऱ्या खेपेला निदान 12 टक्क्यांनी आणि 200 मिलीलिटरने वाढला तर दमा असल्याचा तो भक्कम पुरावा धरतात. माझा त्याहून जास्त वाढला.

डॉक्टरांनी कागदावर दोन वर्तुळं काढली. एक निरोगी श्वासनलिका, एक माझी. माझ्या वर्तुळाच्या आत त्यांनी पेनने गिरवून गिरवून जाड काठ केला. “ही सूज. बाहेरचे स्नायू आवळतात तो झटका, पण सूज रोज असते. झटका नसतो त्या दिवशीही.” निळा पंप, म्हणजे त्याच सल्ब्युटॅमॉलचा, आवळलेले स्नायू सैल करतो, काही मिनिटांत मोकळं वाटतं, म्हणून माणसं त्याच्यावर खूश असतात. सुजेला तो हात लावत नाही. सूज उतरवतं ते श्वासातून घेतलेलं स्टेरॉइड, आणि ते आज घेतलं म्हणजे आज कळतं असं नाही. फरक दिसायला दिवस लागतात, कधी आठवडे. मध्ये सोडलं की सूज पुन्हा हळूहळू चढते.

सुरुवातीला मला कॅप्सूलचा पंप दिला होता, पांढऱ्या भुकटीचा. यंत्रात कॅप्सूल घालायची, फिरवायची, आणि जोरात ओढायची. भुकटीच्या पंपात जोर लागतोच, हळू ओढलं तर भुकटी तोंडातच राहते. माझा खोकला थांबला, रात्रीची जाग थांबली, आणि आवाज जड झाला. बोलताना कुणाच्या लक्षात आलं नसतं. खर्जात तर उलट बरंच वाटत होतं. पण तार षड्जाला कडेने एक फाटका धागा यायला लागला. मी काळी चारच्या पट्टीत गाते, तिथला तार षड्ज मला कधी मागावा लागला नव्हता.

हे मी डॉक्टरांना अगदी स्वरांसकट सांगितलं. त्यांना स्वर कळत नव्हते, पण तक्रार कळली. घशात बसणाऱ्या औषधाने स्वरयंत्राच्या स्नायूंवर परिणाम होतो आणि आवाज घोगरा होतो, हे या औषधाचं ठाऊक असलेलं दुखणं आहे. तोंडात पांढरे चट्टे येतात ते दुसरं, ती बुरशी. त्यांनी भुकटी बंद करून फवाऱ्याचा पंप दिला आणि सोबत स्पेसर. स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकचं एक लांबट भांडं. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला आपलं तोंड. फवाऱ्याचे जाड थेंब त्या भांड्याच्या भिंतींना चिकटतात आणि बारीक तेवढे आत जातात. नुसता पंप तोंडात धरून दाबला तर औषधाचा मोठा हिस्सा घशाच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो. भुकटीच्या पंपाला स्पेसर लावता येत नाही, म्हणून ही अदलाबदल.

आता माझी पद्धत अशी. उठल्यावर दात घासायच्या आधी पंप. हलवायचा, स्पेसरला लावायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एकदा दाबायचा आणि सावकाश, अगदी सावकाश ओढायचा. भुकटीच्या बरोबर उलटं. मग दहा सेकंद धरून ठेवायचा. घड्याळ मी बघत नाही. मध्य लयीत तीनतालाचं एक आवर्तन मनात म्हटलं की साधारण तेवढा वेळ होतो. थोडं थांबून दुसरा झुरका, तोही तसाच. मग दात घासायचे, घशापर्यंत पाणी नेऊन गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. मग चहा, मग रियाज. रात्री झोपताना परत तेच. स्पेसर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळू द्यायचा. फडक्याने आतून पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी तो एकदा लख्ख पुसून ठेवला होता, तेव्हापासून तो मीच धुते.

आवाजाचा धागा महिन्याभरात गेला. पूर्ण गेला की नाही ते मलाच कळतं, आणि मी सांगणार नाही.

सासूबाईंचा आक्षेप आवाजाचा नव्हता. “रोज रोज मारायचं म्हणजे सवय लागेल गं तुला, मग त्याच्याशिवाय चालायचं नाही. आणि ते स्टेरॉइड म्हणजे हाडं पोकळ होतात.” त्यांच्या मैत्रिणीला संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या, चेहरा सुजला होता, साखर वाढली होती. ते सगळं खरं आहे, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण मात्रेचा हिशेब वेगळा आहे. माझ्या पंपात ब्युडेसोनाइड 100 मायक्रोग्रॅम, सोबत फॉर्मोटेरॉल, ते स्नायू सैल ठेवणारं. सकाळी दोन, रात्री दोन म्हणजे दिवसाला ब्युडेसोनाइड 400 मायक्रोग्रॅम, अर्ध्या मिलीग्रॅमपेक्षाही कमी. दम्याचा जोराचा झटका येऊन माणूस दवाखान्यात गेला की त्याला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला 40 मिलीग्रॅमसुद्धा देतात, आणि त्या थेट रक्तात जातात. दोन्ही औषधांचा जोर सारखा नाही, म्हणून वजनाला वजन लावून चालत नाही. तरी अंदाज येतो. पंपातलं जे पोटात जातं त्यातलं बहुतेक यकृतात मोडलं जातं. म्हणजे हाडांची काळजी असेल तर पंप घेऊन गोळ्यांची वेळ टाळलेली बरी. मोठ्या मात्रा वर्षानुवर्षं घेतल्या तर पंपाचाही हाडांवर, डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर काही महिने सगळं शांत राहिलं की मात्रा कमी करता येते का ते बघतात. पण ते त्यांनी बघायचं. सासूबाई हे सगळं ऐकून म्हणाल्या, “तुला पटलंय ना, मग झालं.” हा त्यांचा नापसंती दाखवायचा प्रकार आहे.

रोजच्या पंपाचं खरं दुखणं वेगळंच आहे. त्याने काहीच होत नाही. रियाजाशी तुलना करायचा मोह मला होतो, लोक तर माझ्या वतीने ती करूनही टाकतात, पण ती बसत नाही. रियाजात निदान एखादी सकाळ सुरेल लागते. पंपाने कुठलीच सकाळ सुरेल लागत नाही, फक्त कुठली बिघडत नाही. आणि न बिघडलेल्या सकाळी औषध कशाला, असं डोकं म्हणतं. आमच्या भागात त्याची परीक्षा बघणारा हंगाम ठरलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचं गाळप सुरू होतं, ऊस तुटला की संध्याकाळी शेतांत पाचट पेटवतात, गुऱ्हाळांचा धूर खाली बसतो, त्यात दिवाळी आणि थंडी. तेव्हा सगळे खोकतात. त्याच्या आधी सप्टेंबरात छान वाटत असतं आणि माणसं पंप कपाटात ठेवतात, नेमका तेव्हाच.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील मुलीला सोडायला यायचे, जिना चढून आले की शर्टाच्या खिशातून निळा पंप काढून दोनदा दाबायचे आणि हसायचे. “बाई, हा आहे म्हणून आम्ही आहोत.” डॉक्टरांकडे जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पंप मेडिकलमधून मिळत होता. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त निळा पंप लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असं समजायचं. त्यांना जिन्यालाच लागत होता. दम्याविषयी जगभरच्या डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं निघतात, त्यांनी 2019 मध्येच सांगितलं की मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, स्टेरॉइड सोबत हवंच. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त. आकडे मी त्यांना सांगितले नाहीत. मुलगी शेजारी बसून श्रुती लावत होती. एवढंच म्हटलं की माझ्याकडे दुसरा पंप आहे, तुमच्याकडे तो का नाही ते एकदा छातीच्या डॉक्टरांना विचारा. विचारलं की नाही ते ठाऊक नाही. हल्ली मुलीला तिची आई सोडते.

तंबोऱ्याच्या कारागिरांनी मात्र विचारलं. सतारमेकर गल्लीत त्यांचं काम. भोपळा घासायची धूळ, वर लाखेच्या पॉलिशचा वास, आणि खोकला इतका जुना की घरच्यांना तो ऐकू येईनासा झालेला. तंबोऱ्याची जवारी लावून, म्हणजे तारांची गुंज जुळवून झाल्यावर ते माझ्या टेबलाकडे बघून म्हणाले, “बाई, तो तुमचा पंप एकदा ओढून बघू का?” मी म्हटलं, चाचा, माझा नाही, तुमचा आणा. आधी फुंकून या. गेले. दमाच निघाला. त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा अवघड होता, कारण रमजान तोंडावर आला होता. डॉक्टरांनी वेळेचं गणित सोपं केलं, दोन झुरके सहरीला आणि दोन इफ्तारनंतर. पण धाप लागली तर निळा पंप तेव्हाच घ्यायचा, घड्याळ बघायचं नाही, हेही दोनदा बजावलं. त्याने रोजा मोडतो का ते चाचांनी मौलवींना विचारलं. काय उत्तर मिळालं ते मी विचारलं नाही. पंप चालू आहे. मास्क मात्र लावत नाहीत. म्हणतात, मास्क लावला की पॉलिश सुकलं का ते वासावरून कळत नाही.