पहिले वीस मीटर

शनिवार

डिस्क गोल्फ म्हणजे टी या सुरुवातीच्या जागेवरून ताटलीसारखी डिस्क फेकत कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ; टी ते बास्केट हा एक होल. झाडीतल्या डिस्क गोल्फमध्ये होलचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या वीस मीटरांतच लागतो. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगं आहे, कारण टीवर उभं राहिलं की नजर आपसूक लांबच्या बास्केटकडे जाते आणि नेमकं तिथेच चुकतं.

पौडच्या पुढे, मुळशीच्या बाजूला, मालकांच्या परवानगीने जिथे खेळायला मिळतं ती सागाची लागवड आहे आणि तिला लागून जुनी रायवळ आमराई. साग मुळात दोन बाय दोन मीटरवर लावलेला. पुढे विरळणी झाली, त्यामुळे आता बऱ्याच भागात झाडाझाडांत चार मीटरचं अंतर आहे. असा चौकोनी मांडणीचा साग खेळायला फार शिकवणारा. ओळीच्या सरळ रेषेत फेकलं तर चार मीटर रुंदीची गल्ली मिळते. तीच झाडं तिरक्या रेषेत पाहिली तर गल्ली २.८ मीटरवर येते, आणि बुंध्यांची जाडी वजा केली की अडीच उरते. झाडं तीच, बास्केट तेवढ्याच अंतरावर, फक्त टी कोपऱ्यात सरकवली की होल एकदम अवघड होतो. लांबी वाढवून होल अवघड करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला.

आता हिशेब. दोन बुंध्यांमधली फट दोन मीटर धरू. डिस्कचा व्यास साधारण २१ सेंटीमीटर, तो वजा जातो. ही फट टीपासून १० मीटरवर असेल तर हात दोन्ही बाजूंना पाच अंश चुकला तरी डिस्क निसटते. २० मीटरवर असेल तर सूट अडीच अंशांची. ४० मीटरवर सव्वा अंश. म्हणजे जवळची फट सगळ्यात सोपी. पण तीच चुकली तर भुर्दंड सगळ्यात मोठा: ७५ मीटरच्या होलवर दहाव्या मीटरला झाड लागलं तर ६५ मीटर शिल्लक, शिवाय पाय ठेवायला जागा वाईट. साठाव्या मीटरला लागलं तर १५ मीटर उरतात आणि तीन थ्रोमध्ये होल आटोपतो. जी गोष्ट सोपी आहे आणि हुकली तर महाग पडते, ती आधी पक्की करायची. लांबच्या फटीसाठी जवळची पणाला लावायची नाही.

त्यासाठी टीची रुंदी पुरेपूर वापरावी. बहुतेक जण सवयीने टीच्या मधोमध उभे राहतात. पहिली फट १० मीटरवर असताना टीवर अर्धा मीटर डावीकडे सरकलं, तर त्याच फटीतून जाणारी रेषा ४० मीटरवर दीड मीटर उजवीकडे पडते. वाकड्या होलमध्ये हे दीड मीटर हाताने वळवून मिळवण्यापेक्षा पायाने सरकून मिळवलेलं बरं. आधी टीच्या दोन्ही टोकांना उभं राहून पाहावं, मगच डिस्क निवडावी.

नेम बुंध्यावर धरू नये, हे सगळेच सांगतात. पण नुसत्या मोकळ्या जागेवर नेम धरणंही कठीण, कारण मोकळ्या जागेत नजर टेकत नाही. फटीच्या पलीकडे, त्याच उंचीवर एखादी खूण धरावी: लांबच्या झाडाची दुबेळकी, सालीवरचा पांढरा डाग, वाळकं पान. नजर तिथे टेकली की खांदे त्या रेषेत येतात.

रविवार

डिस्कबद्दल.

वेगवान ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, झाडीत का फसतो, याचं कारण साधं आहे. डिस्कवर जे चार आकडे देतात, वेग, ग्लाइड (तरंगणं), टर्न (वेगात असतानाचं वळण) आणि फेड (वेग ओसरल्यावरची घसरण), त्यांतला पहिला आकडा म्हणजे ती डिस्क जशी उडायला हवी तशी उडण्यासाठी तिला किती जोराने फेकावं लागेल त्याची कल्पना. अकरा-बारा वेगाची डिस्क हात राखून फेकली की तिला हवा तो वेग मिळतच नाही. मग टर्न होत नाही, सरळ जाण्याचा टप्पा गाळून ती थेट फेडला लागते. उजव्या हाताच्या बॅकहँडला फेड म्हणजे डावीकडे घसरण. आणि झाडीत तर हात राखूनच फेकावं लागतं. तेव्हा ड्रायव्हर घेऊन जपून फेकणं हा दोन्हीकडून तोटा.

पटर (बास्केटजवळ वापरायची डिस्क) किंवा मिडरेंज (मधल्या पल्ल्याची) मात्र कमी वेगातही सरळ जाते. इनोव्हाच्या एव्हिएरचे आकडे २, ३, ०, १. डिसक्राफ्टच्या बझचे ५, ४, -१, १. सत्तर मीटरच्या आतल्या कुठल्याही अरुंद होलवर टीवरून एव्हिएरसारखा पटर घ्यायला संकोच नको. लांब बोगद्यासारखा होल असेल तर लेपर्डसारखी मवाळ डिस्क, ६, ५, -२, १, दहा-पंधरा अंश हायझरमध्ये, म्हणजे बाहेरची कड खाली झुकवून, सोडावी. ती उडता उडता सपाट होते आणि मग बराच वेळ सरळ राहते. यात गोम एवढीच, की डिस्क सपाट व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात पहिली फट पार झालेली असते. म्हणून पहिली फट हायझरच्या कोनातूनच पाहायची: तिरकी डिस्क सपाट डिस्कपेक्षा कमी रुंदी आणि जास्त उंची घेते.

होल शेवटी उजवीकडे वळत असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याला फोरहँड हवाच, कारण त्यात फिरकी उलटी आणि फेडही उलटा. अनहायझर (बाहेरची कड वर) बॅकहँडने उजवं वळण मिळतं, पण डिस्क जरा वर चढते, आणि आमराईत वर जागा नसते. तिथल्या खालच्या फांद्या दोन-सव्वादोन मीटरवर आहेत. कमी छताच्या जागी डिस्कचं नाक किंचित जरी वर राहिलं तरी ती फुगते, फांदीला लागते आणि सरळ खाली पडते. त्याला उपाय असा: डिस्क छातीच्या खालून ओढायची, मनगट किल्ली फिरवताना वळतं तसं किंचित बाहेर वळवायचं, आणि शेवटपर्यंत खांदा उचलायचा नाही.

पाऊल एकच. लांब रन-अप घेतला की सुटण्याचा क्षण मागेपुढे होतो, आणि तो जरासा जरी सरकला तरी फटीला पुरणारे दोन-तीन अंश हातचे जातात. उभ्या जागी किंवा एका पावलाने, साठ-सत्तर टक्के जोराने फेकलेली डिस्क पूर्ण जोराच्या थ्रोपेक्षा दहा-पंधरा मीटर कमी जाईल. झाडीत ते दहा-पंधरा मीटर कामाचे नसतात.

मंगळवार

झाडाला लागल्यावर काय होतं तेही थोडं.

उजव्या हाताच्या बॅकहँडने सुटलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. तिचा पुढचा काठ डावीकडून उजवीकडे जात असतो. बुंध्यावर ती नाकासमोर आदळली की घर्षणामुळे बुंध्यावरून डावीकडे लोळते. म्हणून बॅकहँडने झाड मधोमध लागलं तर डिस्क डावीकडे शोधायची आणि फोरहँडने लागलं तर उजवीकडे. काठ नुसता घासला तर मात्र गणित वेगळं: कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीच्या कडेला लागून निघतो तसा कोन बदलतो, वेग फारसा जात नाही, आणि डिस्क भलतीकडेच लांब जाते. मधोमध लागणं परवडतं, घासणं परवडत नाही. होल निवडताना याचा उपयोग असा, की फटीच्या ज्या बाजूला ओढा किंवा घाणेरी असेल त्या बाजूच्या झाडापासून चार बोटं जास्त लांबचा नेम धरायचा.

गिरिपुष्पाच्या जाळीत याचा काही उपयोग नाही. एका बुडख्यातून पाच-सहा बारीक खोडं, डिस्क दोनदा-तीनदा लागते, अंदाज संपतो.

या महिन्यात हरवण्याचा धोका सगळ्यात जास्त. सागाची पानं गळताहेत, एकेक पान ताटाएवढं, आणि डिस्क सरपटत त्याखाली जाते. रंगाची निवड हौसेची बाब राहत नाही. वाळक्या सागात लाल, नारिंगी, पिवळा उपयोगाचा नाही. पळस फुलला की नारिंगी तर पूर्ण बाद. गिरिपुष्पाखाली फिकट गुलाबी सडा असतो, तिथे गुलाबी डिस्क समोर असून दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाशी निळा सगळ्यात चांगला. पावसाळ्यात, गवत हिरवं असताना, गुलाबी. डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या मार्करने नाव आणि फोन नंबर लिहावा. स्पर्धेत तर डिस्कवर ओळखीची खूण असणं नियमानेच लागतं.

शोधायला नियमाप्रमाणे तीन मिनिटं. नाही सापडली तर एक दंडाचा थ्रो आणि आधीच्या जागेवरून पुन्हा. म्हणून टीवरून कुणीतरी डिस्क टेकेपर्यंत नजर हलवू नये, आणि कुठल्या झाडाच्या सरळ रेषेत पडली ते मोठ्याने बोलावं. पाचोळ्यात हात घालू नये. काठीने पानं उलटावीत. घोणस अशाच पाचोळ्यात बसते आणि रंगाने त्यात मिसळून जाते. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, आणि मोजे जाड. कुसळं घुसली की पुढचे सगळे होल तीच टोचत राहतात. उंच झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर तो होल त्या दिवशी सोडून द्यावा, डिस्क लागण्याची शक्यता कितीही कमी वाटली तरी. डिस्क अशा जागी जाऊन पडली तर अपायकारक किड्यांपासून किंवा प्राण्यांपासून विनादंड बाजूला होण्याची सोय नियमांत आहे.

गुरुवार

झाडीत सापडल्यावरचा थ्रो. माझ्या मते चांगला खेळाडू इथेच ओळखू येतो.

आधी नियम, कारण त्यातली सवलत पुष्कळांना माहीत नसते. डिस्क पडली तिथे मागे २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल एवढी जागा आपली. डिस्क सुटताना शरीराचा एक आधार त्या जागेत हवा आणि कुठलाही आधार बास्केटच्या जवळच्या बाजूला नको. याचा अर्थ दुसरा पाय डावीकडे किंवा उजवीकडे हवा तितका ताणता येतो. बुंध्यामागे डिस्क असली तरी एक पाय तिथे, दुसरा मीटरभर बाजूला, आणि शरीर वाकवून हात बुंध्याच्या बाहेर. एक गुडघा टेकूनही चालतं. ही उभं राहण्याची ताकद घरी कमवता येते: दाराच्या चौकटीला बुंधा समजून रोज दोन्ही बाजूंना वाकून पट (बास्केटमध्ये टाकायचा जवळचा थ्रो) करावा.

फांदी मोडायची नाही, वाळलेली पण झाडाला लागून असलेली सुद्धा नाही. झाडाची कमीत कमी हालचाल होईल अशी उभं राहण्याची जागा घ्यायची. पायाखालचा सुटा पाचोळा आणि काटक्या सारता येतात. समोर, बास्केटच्या वाटेत पडलेल्या नाहीत. जागा अगदीच अशक्य असेल तर एक दंडाचा थ्रो घेऊन बास्केटच्या रेषेत मागे जाता येतं. घाणेरीच्या मध्यातून दोन थ्रो वाया घालवण्यापेक्षा हे स्वस्त. डिस्क फांदीत अडकली तर ती जिथे लटकते आहे त्याच्या बरोबर खालची जागा आपली, आणि दंड नाही. स्पर्धेत दोन मीटरचा नियम जाहीर केला असेल तरच दोन मीटरपेक्षा उंच अडकलेल्या डिस्कला एक दंड.

मग निवड. समोर तीन फटी आणि पलीकडे बास्केट दिसत असते, आणि बाजूला दहा मीटरवर मोकळी गल्ली. तीन फटींतली प्रत्येक तीनातून दोनदा जमते असं मानलं तरी तिन्ही एकापाठोपाठ जमण्याचा योग तीस टक्क्यांच्या आतच येतो. बाजूला टाकलेला थ्रो जवळपास नेहमी जमतो आणि त्याची किंमत एकच थ्रो. बाजूला टाकतानाही नुसतं बाहेर काढायचं नाही. पुढच्या थ्रोला बास्केट कुठून दिसेल ती जागा आधी ठरवायची. आणखी दोन मीटर पुढे टाकण्याच्या नादात डिस्क पुन्हा कडेच्या झाडामागे जाते, हे सर्रास होतं.

खालून जायचं असेल तर गुडघ्यावर बसून फोरहँड, जमिनीपासून फूटभर वर, सपाट. वाळक्या सागाच्या पानांवर डिस्क छान घसरते, पंधरा मीटर सहज. त्याच पानांवर रोलर, म्हणजे कडेवर उभी लोळवलेली डिस्क, मात्र अडकतो.

शनिवार

होल मांडण्याबद्दल दोन गोष्टी ठरवायच्या राहिल्यात.

या खेळाचा पहिला औपचारिक कोर्स कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली एड हेड्रिक यांनी केला, आणि साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. तिकडे केंटकीतलं आयडलवाइल्ड किंवा डेलावेअरमधलं आयर्न हिल असे गर्द झाडीतले कोर्स नावाजलेले आहेत. इथे पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजईची झाडी पाहून कुणालाही मोह होईल, पण तिथे पहाटेपासून माणसं चालत असतात, वळणाआडून कोण येतंय दिसत नाही, आणि पावणेदोनशे ग्रॅमचं कडक प्लास्टिक तोंडावर बसलं तर दात जातात. टेकडीवर खेळू नये, असं माझं ठाम मत आहे. खाजगी जागा, मालकांची स्पष्ट परवानगी, हलवता येणाऱ्या बास्केट, आणि झाडाला खिळा किंवा रंग नाही. टीची खूण चुन्याने.

आमराईतले दोन होल मोहोर धरल्यापासून आंबे उतरेपर्यंत बंद. एका थ्रोने मोहोराचा घोस खाली येतो आणि ते मालकांचं उत्पन्न आहे. त्याऐवजी सागातच दोन तिरके होल वाढवायचे: एक ४८ मीटर, एक ६६. सहासष्टच्या होलला वळणावर एक जण उभा हवा, रेषेच्या बाहेर, जाड बुंध्यामागे, आणि त्याने हात वर केल्याशिवाय टीवरून डिस्क सुटणार नाही. बास्केट ओळीच्या मधोमध न ठेवता एका बुंध्यापासून दीड मीटरवर ठेवायची, म्हणजे एका बाजूचा पट मोकळा आणि दुसऱ्या बाजूचा वाकून. टीपासूनची पहिली फट १२ मीटरवर आणि निदान अडीच मीटर रुंद ठेवायची. त्याहून अरुंद केली तर नवा खेळाडू डिस्क शोधण्यातच सकाळ घालवेल.