तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरात कुणबिणी होत्या हे मला कुठे सापडलं

मी मोडी वाचते म्हटलं की लोक आधी विचारतात, शिवाजी महाराजांचं काही सापडलं का. आणि आमच्या घरच्या कागदांबद्दल ज्यांच्या कानावर आलंय ते जरा आवाज खाली आणून विचारतात, "तुमच्या घरात खरंच गुलाम होते? कशावरून म्हणता?"

वाटणीपत्रावरून म्हणते.

आमचं मूळ गाव वाईकडचं. जमीन इनामाची, म्हणजे राज्याकडून बक्षीस मिळालेली, आणि कागद टिकले ते त्या जमिनीपायीच. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन आलं, इनाम असेल त्याने पुरावा दाखवा असं झालं, तेव्हापासून घरातला प्रत्येक कपटा रुमालात बांधून देवघरामागच्या पेटीत. पण आजोबांनंतर मोडी कुणालाच येईना. मी चाळिशी उलटल्यावर क्लास लावला. मोडीत आधी ओळभर रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही, त्यात वर्षसुद्धा अरबी शब्दांत. सन सबा सबैन मया व अलफ, म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) ११७७, त्यात ५९९ मिळवले की १७७६ आणि वर्ष पावसाळ्यात बदलतं म्हणून १७७६-७७ धरायचं. सवाई माधवराव पेशवे तेव्हा दोन-तीन वर्षांचे होते. हा हिशोब पहिल्यांदा जमला त्या दिवशी मी जेवले नव्हते इतका आनंद झाला होता. त्याच कागदात पुढे ते आलं.

दोन भावांची वाटणी. जमीन, वाड्याचे सोपे, विहिरीचं पाणी, तांब्याची भांडी, बैल, म्हैस, कुणबीण १, तिची मुलगी १.

मी आधी कुणबी बाई असंच वाचलं. कामाला असेल शेतावर, असं धरून पुढे गेले. मग लक्षात आलं की वाटणीच्या यादीत कामाच्या बाईचं काय काम? परत मागे आले. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात कुणबीणचा अर्थ गुलाम बाई असाही दिलाय. पेशवाईच्या कागदांत तर कुणबीण आणि बटीक (तीही गुलाम बाईच) हे शब्द जागोजाग येतात, बदकर्माचा ठपका आलेल्या बायकांना सरकार कुणबीण करून किल्ल्यांवर कामाला धाडायचं, दुष्काळात पोटची पोरं विकली जायची, हे सगळं मी वाचलेलं होतं. दुसऱ्यांच्या कागदांत वाचलेलं होतं.

नाव आहे तिचं, फक्त पहिलं. बापाचं नाव नाही, गाव नाही, वय नाही. शेजारच्या म्हशीचा रंग लिहिलाय. मुलीचं तर नावही नाही.

आणि आई थोरल्याच्या वाट्याला गेलीय, मुलगी धाकट्याच्या. धाकटा दुसऱ्या गावच्या जमिनीवर राहायला गेला, चार कोसांवर. हे मला घरात तोंडी ऐकून माहीत होतं, आजी सांगायची की दोघा भावांचं किती सख्य, वाटणी झाली पण एक शब्द वावगा नाही.

काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, अगं आपल्याकडे त्यांना घरच्यासारखं वागवायचे. काका वाईट माणूस नाहीत, त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. पण घरची माणसं वाटणीत येत नाहीत ना. त्या कागदात घरची माणसं सही करणारी आहेत, साक्षीदार आहेत, आणि वाटून घेतलेल्या चीजवस्तू वेगळ्या आहेत, ती कुठल्या बाजूला लिहिलीय ते मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरा प्रश्न येतो की मग हे संपलं कधी. १८४३ च्या कायद्याने मुख्यतः एवढंच झालं की गुलामावरचा मालकी हक्क कोर्ट मानणार नाही. गुलाम म्हणून माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो पीनल कोडात, आणि तो लागू झाला १८६२ ला. आमच्या पेटीत त्यानंतरचं एक मृत्युपत्र आहे, त्यात कुणबीण हा शब्द कुठेच नाही. घरातल्या जुन्या माणसांना अन्नवस्त्र द्यावं एवढं एक वाक्य आहे. पहिल्यांदा वाचताना बरं वाटलं होतं, निदान आठवण तरी ठेवली. आता वाटतं, किंमत होती तोवर एकीचं नाव तरी लिहिलं, हक्क गेला तसं नावही गेलं. मोकळं केलं असा कागद मला मिळालेला नाही. मृत्युपत्रं वाचणाऱ्यांना मी म्हणूनच सांगते की "जुनी माणसं", "आश्रित", "घरातली बाई" असले शब्द दिसले की थांबा आणि मागच्या दोन पिढ्यांची वाटणीपत्रं काढा.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. मी हे एक पान लिहून दिलं होतं, जागा नाही म्हणून परत आलं. त्यात कुणाच्या मुंजीला कोण आलं होतं त्याला जागा आहे. मी पान पुन्हा पाठवलंय, आणि या वेळी त्या ओळीचा फोटो आणि खाली देवनागरीत लिप्यंतर जोडलंय.

धाकट्याच्या शाखेतला एक चुलतभाऊ मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला की त्यांच्या माळ्यावर एक ट्रंक आहे, उघडलेली नाही, वाळवी लागली असेल. तिथे त्या मुलीचं नाव असू शकतं. शनिवारी जातेय, ब्रश, टॉर्च आणि कोरे सुती रुमाल घेऊन.