डिंगलिंग: थडगं एकीकडे, मुकुट दुसरीकडे

बीजिंगच्या उत्तरेला मिंग बादशहांची तेरा थडगी आहेत. त्यांतलं आतपर्यंत खणलेलं एकच, वानली बादशहाचं डिंगलिंग. तेवढ्यासाठी जा, पण मेट्रोच्या नकाशाला भुलू नका. चांगपिंग लाइनवर मिंग थडग्यांच्या नावाचं स्टेशन आहे खरं, तिथून डिंगलिंग मात्र कित्येक किलोमीटर लांब. मग उरतो टॅक्सीवाला आणि तो म्हणेल तो भाव. सरळ बीजिंग शहरातल्या देशेंगमनहून 872 नंबरची बस पकडा. थांब्याच्या आसपास "आज बस नाही, माझ्या गाडीतून चला" म्हणणारे हटकतात. बस असते. उतरायच्या थांब्याचं नाव चिनी लिपीत मोबाइलवर ठेवा. पासपोर्ट जवळ हवाच.

भूमिगत महाल 27 मीटर खोल. जिने उतरताना काही वाटत नाही, चढताना मात्र गुडघे बोलतात. आत गार आणि दमट, उन्हाळ्यातही जाकीट लागतं. आणि आत काय? पाच दालनं, संगमरवरी सिंहासनं, त्यांवर लोकांनी फेकलेल्या नोटा आणि तीन लालभडक पेट्या. या पेट्या नकली. मूळ शवपेट्या 1959 साली टाकून दिल्या. बादशहा आणि दोन सम्राज्ञींचे सांगाडे 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीतल्या माओवादी तरुणांनी, रेड गार्ड्सनी, जाळले. उत्खननात (1956-58) निघालेलं रेशीम हवा लागताच कडक होऊन काळं पडलं. त्यानंतर बादशाही थडगी खणायचा विषयच जवळपास संपला.

खरं बघायचं ते महालाचं दगडी दार, आणि गर्दी नेमकी तिथूनच पुढे सरकते. आतून टेकवलेली दगडी पट्टी दार ओढून घेतल्यावर आपोआप घसरून अडसर व्हायची. उत्खनन करणाऱ्यांनी फटीतून वाकवलेली सळई घालून पट्टी उभी केली, तेव्हा दार उघडलं. दाराच्या मागे जाऊन पट्टीची खाच बघा.

सम्राज्ञीचा नऊ ड्रॅगन, नऊ फिनिक्सचा मुकुट इथे नाहीच. तो तिआनानमन चौकातल्या राष्ट्रीय संग्रहालयात. चार हजारांवर मोती, शंभरावर रत्नं, निळाई खंड्याच्या पिसांची, वजन दोन किलोंच्या वर. प्रवेश फुकट, पण आगाऊ नोंदणीशिवाय दारातूनच परत. सोमवारी बंद. नोंदणी आधी, विमानाचं तिकीट नंतर.

तासभर उरला तर तेरांतलंच शेजारचं थडगं, चांगलिंग. नानमू लाकडाचे 60 अखंड खांब, गर्दी कमी, खोल जिने नाहीत.