मग तुम्ही कशाला जागलात?

सकाळी चहा हातात देताना हिने एवढंच विचारलं, "तो पिंप आपोआप चालतो ना? मग तुम्ही कशाला जागलात?"

उत्तर सुचलं नाही. संध्याकाळ झाली तरी सुचलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

पिंप म्हणजे मंद आचेवर, लाकडाच्या धुरात मांस शिजवणारी माझी घरगुती भट्टी. तीन महिने त्या पिंपात गेले. इंदूरच्या लोहामंडीतून 200 लिटरचा आणला, आतला रंग उडेपर्यंत दोनदा लाकडं पेटवून भाजून काढला. जेल रोडवरून पीआयडी कंट्रोलर, म्हणजे आच ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारा डबा, आणि त्याला आच कळवणारी तार, के-टाइप थर्मोकपल. तळाशी 12 व्होल्टचा पंखा. आच 110 अंशांच्या खाली आली की पंखा निखाऱ्यांना वारा घालतो, चढली की गप्प बसतो. पहिल्यांदा आकडा थेट 145ला गेला. घातलेला वारा पंख्याला परत घेता येत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धुराडं अर्धं झाकलं, ऑटो-ट्यून लावलं, म्हणजे पंखा कधी किती फिरवायचा हे कंट्रोलरलाच शिकू दिलं, तेव्हा कुठे वठणीवर आला.

काल रात्री नऊला बकऱ्याची अख्खी मांडी लावली. पेरूचं लाकूड. दादा येणार होता. असो.

बारापर्यंत सगळं झकास. मग मांसात खुपसलेल्या तापमानाच्या सुईचा आकडा 68वर जो अडकला, तो अडीच तास हललाच नाही. बिघाड नव्हे, मांसाला घाम फुटतो, तो उडताना उष्णता घेऊन जातो, माठातलं पाणी गार होतं तसंच. हे सगळं ठाऊक होतं. तरी गच्चीवर खुर्ची टाकून कंट्रोलरवरच्या लाल आकड्याकडे बघत होतो. 110. 109. 110. 111. शेजारच्या गच्चीवरून एकदा "भिया, क्या जल रिया है?" एवढं आलं, बस.

निखारा सारायचा नव्हता, झाकण उचलायचं नव्हतं. बाबा मटण शिजवायचे तेव्हा कुणाला चुलीजवळ फिरकू देत नसत, लाकूड पुढे-मागे करत रात्र काढायचे. माझ्या चुलीला मीच नको होतो. मीच तसं करून ठेवलंय, आणि वर वाईटही मलाच वाटतंय! पंचावन्नाव्या वर्षी माणसाने पिंपावर रुसावं?

साडेचारला मांसातले 92 झाले. हाड बोटाने ओढलं तर सुटून हातात आलं. हिने दोनदा घेतलं आणि "धूर जरा जास्तच झालाय" म्हणाली, म्हणजे आवडलं.

एक गोष्ट मात्र हिला सांगितलेली नाही. सुईला बझर आहे. 92 झाले की खाली झोपायच्या खोलीपर्यंत ऐकू येईल असा वाजतो. काल नऊलाच मी तो बंद करून ठेवला होता.